निष्ठुर खेळ डोळसपणे कसा पाहावा

दूरचित्रवाणीवरील काही स्पर्धांमध्ये स्वतः चांगले खेळणे पुरेसे नसते, शेजारी उभा असलेल्याला बाहेरही काढावे लागते. आणि हे काढणे जितके उघड व कोरडे, तितका तो कार्यक्रम लोक अधिक रस घेऊन पाहतात. असे कार्यक्रम पाहणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक बारीक टोचणी असते. एरवी कोणाचे डोळे भरून आले की आपण कळवळतो, मग एखादा स्पर्धक मान खाली घालून निघून जाताना आपण सरसावून का बसतो? ‘माणूस मुळातच क्रूर असतो’ हे त्यावरचे उत्तर फार सोपे आहे आणि माझ्या मते चुकीचेही आहे. या आकर्षणाचे मूळ खेळाच्या नियमांत शोधावे लागते. नियम असे बेतलेले असतात की निष्ठुर वागणे हेच शहाणपणाचे ठरते, त्याचा दोष कोणा एकाच्या माथी येत नाही, आणि प्रेक्षकाला घरबसल्या न्यायनिवाडा करण्याचे सुख मिळते. ही रचना एखादा भाग पाहता पाहता ओळखता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. साहित्य म्हणून एक वही, एक पेन आणि शक्य असल्यास भाग थांबवून मागे नेण्याची सोय एवढे पुरे.

पहिल्यांदा पैशाचा हिशेब मांडावा

स्पर्धकांची ओळख करून दिली जात असते, कोणाचे गाव, कोणाची नोकरी, कोणाचे आजारपण सांगितले जात असते, तेव्हा तिकडे फारसे लक्ष न देता वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: पैसा कमावतो कोण आणि शेवटी तो जातो कोणाकडे. ही दोन उत्तरे एकच असतील, तर तो खेळ कितीही कठीण असला तरी निष्ठुर नसतो. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःच्या ज्ञानावर कमावतो आणि स्वतःच घेऊन जातो, प्रेक्षक त्याला मत देऊन मदत करतात, घरचे माणूस फोनवरून मदत करते, अमिताभ बच्चन त्याला पाणी विचारतात. तिथे एकदा खुर्चीवर बसल्यावर कोणाला हरवायचे उरतच नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाचा कार्यक्रम म्हणजे बीबीसी टू या वाहिनीवर १४ ऑगस्ट २००० रोजी सुरू झालेला ‘द वीकेस्ट लिंक’. निष्ठुरपणाचे यंत्र समजून घ्यायला याच्याइतका स्वच्छ नमुना दुसरा नाही, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. त्याच्या मूळ मालिकेत नऊ स्पर्धक अर्धवर्तुळात उभे असतात आणि सूत्रसंचालिका ॲन रॉबिन्सन एकेकाला पाळीपाळीने प्रश्न विचारतात. लागोपाठ बरोबर उत्तरे आली की रक्कम साखळीने चढत जाते: २० पौंड, ५०, १००, २००, ३००, ४५०, ६००, ८०० आणि नवव्या बरोबर उत्तराला १,००० पौंड. मध्येच कोणी चुकले तर साखळी तुटते आणि तोवर चढलेली रक्कम बुडते. ती वाचवायची असेल तर आपला प्रश्न ऐकण्यापूर्वी ‘बँक’ असे म्हणावे लागते. मग ती रक्कम सुरक्षित होते, पण साखळी पुन्हा तळापासून सुरू होते. म्हणजे कमाई सर्वांची मिळून. प्रत्येक फेरीनंतर मात्र स्पर्धक मतदान करून आपल्यापैकी एकाला घालवतात आणि शेवटी सगळी रक्कम एकट्याच्या हाती जाते. दुसऱ्या क्रमांकाला काहीही मिळत नाही.

या रचनेत एक पेच दडलेला आहे आणि तो शोधणे हेच प्रेक्षकाचे पहिले काम. सुरुवातीच्या फेऱ्यांत जो चुकतो तो सर्वांचे पैसे बुडवतो, म्हणून कच्च्या खेळाडूला घालवणे सर्वांच्याच हिताचे असते आणि मतदान न्याय्य वाटते. शेवटच्या फेऱ्यांत चित्र पालटते. आता जो सर्वांत हुशार तोच अंतिम लढतीत आपल्याला पाडणार असतो, म्हणून शहाणा स्पर्धक त्यालाच घालवतो. ज्याने सर्वाधिक पैसे जमवून दिले त्यालाच रिकाम्या हाताने परत पाठवणे हा त्या खेळातला बिनतोड डाव आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००४ मध्ये या कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीतील मतदान तपासताना हाच पालट अभ्यासाचा पाया म्हणून वापरला होता, कारण आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांत एकाच खेळाडूविषयीचा फायद्याचा हिशेब उलटा होतो. तेव्हा प्रत्येक मतदानानंतर वहीत खूण करावी: गेलेला माणूस त्या फेरीत कच्चा होता की पक्का? कच्च्यांच्या ओळीत पहिला पक्का माणूस जिथे येतो, तिथे खेळाने कूस बदलली असे समजावे. पुढचे सारे संवाद, सारे रुसवे त्या एका रेषेच्या अलीकडचे की पलीकडचे यावरून नीट कळू लागतात.

आणखी एक बारकावा इथेच पाहून ठेवावा. आकडेवारीनुसार त्या फेरीत सर्वांत भक्कम कोण आणि सर्वांत कच्चा कोण, हे निवेदकाचा आवाज फक्त प्रेक्षकांना सांगतो. स्पर्धकांना ते कळत नाही, त्यांना आपल्या आठवणीवर आणि अंदाजावर मत द्यावे लागते. त्यामुळे पाट्या उलटवून नावे दाखवली जाण्यापूर्वीच आपण निकाल देऊन मोकळे झालेलो असतो. स्पर्धकांचा निकाल आपल्याशी जुळला तर ‘बरोबर झाले’ असे समाधान, न जुळला तर ‘काय हा अन्याय’ असा संताप, आणि दोन्ही वेळा पुढची फेरी पाहण्याची ओढ. संतापसुद्धा त्या कार्यक्रमाचाच माल आहे, हे ध्यानात आले की अर्धे काम झाले.

मतदानानंतर रॉबिन्सन एखाद्याला विचारतात की अमुकच का? त्या वेळी दिलेली कारणे शब्दशः उतरवून घेण्यासारखी असतात. पहिल्या फेऱ्यांत ‘तिने दोन प्रश्न चुकवले’ असे मोजता येण्याजोगे कारण मिळते. पुढे पुढे ‘तो आमच्यात फारसा मिसळला नाही’ असल्या धुरकट कारणांकडे गाडी वळते, कारण खरे कारण, म्हणजे ‘मला त्याची भीती वाटते’, हे उघड म्हणणे जड जाते. सूत्रसंचालिकेचा खवचटपणा या ठिकाणी कामाला येतो. स्पर्धकांनी एकमेकांशी जे वागणे केले त्याचा कडूपणा ती स्वतःच्या अंगावर ओढून घेते, आणि प्रेक्षकाचा राग मतदारांऐवजी तिच्यावर निघतो. स्टार प्लसवर नीना गुप्ता यांनी ‘कमज़ोर कड़ी कौन’ सादर करताना हाच करडा सूर लावला होता. बच्चन यांच्या अदबीला सरावलेल्या कानांना तो खटकला, पण साच्याची ती गरजच होती. गोड बोलणारा सूत्रसंचालक तिथे असता, तर सगळा वाईटपणा स्पर्धकांच्या पदरात पडला असता आणि पाहणे असह्य झाले असते.

घालवतो कोण, निकाल देतो कोण

पैशानंतर अधिकाराचा मागोवा घ्यावा. एखाद्याला बाहेर काढण्याचा अधिकार उत्तरांच्या आकड्यांकडे असू शकतो, सहस्पर्धकांकडे असू शकतो, घरी बसलेल्या प्रेक्षकांकडे असू शकतो, किंवा आधीच बाहेर पडलेल्यांकडेही असू शकतो. त्यातही ‘बाहेर काढणे’ आणि ‘विजेता ठरवणे’ हे दोन अधिकार वेगवेगळ्या हातांत दिलेले असतील, तर तो खेळ रचणाऱ्याला मनापासून दाद द्यावी.

‘सर्व्हायव्हर’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नावाने हा साचा प्रथम पडद्यावर आला आणि ३१ मे २००० रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर त्याचे पहिले पर्व सुरू झाले. मलेशियातील एका बेटावर १६ माणसे, ३९ दिवस, शेवटी उरणाऱ्या एकाला १० लाख डॉलर. माणसे एकमेकांना मताने घालवत जातात. परंतु अखेरीस दोघे उरले की त्यांच्यातला विजेता ठरवण्याचे काम त्यांनीच आधी बाहेर काढलेल्या सात जणांच्या मंडळाकडे जाते. ज्याचा घात केला त्याच्याकडेच शेवटी मत मागायचे! त्यामुळे इथे नुसता निष्ठुरपणा चालत नाही, तर ज्याला घालवले त्यालाही शेवटी ‘खेळला खरा’ असे म्हणावेसे वाटेल अशा रीतीने तो करावा लागतो. पहिल्या पर्वात रिचर्ड हॅच यांनी चार जणांचा गट बांधला. बाकीचे लोक ज्याला त्याला वाटेल त्याप्रमाणे मते देत राहिले आणि गटाची चार मते एकगठ्ठा पडत राहिली. नियमांत असे करायला कोठेही मनाई नव्हती, तरी अनेकांना ती फसवणूक वाटली. अंतिम मंडळातील एका सदस्याने भर सभेत दोन अंतिम स्पर्धकांपैकी एकाला साप आणि दुसरीला उंदीर म्हटले, आणि मत सापाला दिले. हॅच ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकले. २३ ऑगस्ट २००० रोजी तो अंतिम भाग पाहणाऱ्यांची संख्या पाच कोटींवर होती.

त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये ‘बिग ब्रदर’चे पहिले पर्व चालू होते. हा मूळचा १९९९ मधला डच साचा. आपल्याकडे ‘बिग बॉस’ २००६ पासून आणि मराठी आवृत्ती २०१८ पासून दिसते. त्यात घरातले लोक एकमेकांना नामांकित करतात, पण घराबाहेर कोणी जायचे ते प्रेक्षक ठरवतात. ब्रिटनच्या त्या घरात एक जण कागदावर नावे लिहून, ती दाखवून, इतरांची नामांकने आपल्याला हवी तशी वळवू पाहत होता. ते उघडकीला आल्यावर त्याला घराबाहेर काढण्यात आले आणि वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ बदनामी केली. म्हणजे काही दिवसांच्या अंतराने, मते ठरवून घडवून आणण्याच्या एकाच स्वरूपाच्या उद्योगासाठी एकाला १० लाख डॉलर मिळाले आणि दुसऱ्याला बाहेरचा रस्ता. दोघांच्या स्वभावांची तुलना करत बसण्यात काही हशील नाही. एका खेळात संगनमत हाच खेळ होता आणि दुसऱ्यात ते निषिद्ध होते, एवढाच फरक.

म्हणून एखाद्या स्पर्धकाला ‘डबल ढोलकी’ म्हणण्याआधी नियम तपासावेत. प्रेक्षकांच्या मतांवर जगणाऱ्या खेळात निष्ठुर वागणारा माणूस बहुधा जिंकत नाही. तो रंगत आणतो, चर्चेत राहतो आणि उपांत्य टप्प्याच्या आसपास निघतो. तिथे जिंकणारे बहुतेक ते असतात ज्यांच्यावर कोणीतरी अन्याय केला. त्यामुळे अशा कार्यक्रमांत मुरलेला स्पर्धक भांडण उकरून काढण्यापेक्षा भांडणात सापडलेला दिसण्याची धडपड करतो. एखाद्या टास्कमध्ये कोणी अंगावर धावून आले की जो आवाज न चढवता, कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून दोन पावले मागे सरकतो, त्याला खेळ कळला आहे असे खुशाल समजावे.

शब्दांचे वजन करायला शिकावे

सर्वांत रंजक अभ्यास दोन माणसांमधल्या अखेरच्या सौद्याचा असतो. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर २००७ ते २००९ या काळात ‘गोल्डन बॉल्स’ हा कार्यक्रम चाले आणि जॅस्पर कॅरट तो सादर करत. शेवटी दोन स्पर्धक समोरासमोर बसत, मध्ये जमलेली रक्कम असे आणि प्रत्येकाजवळ दोन सोनेरी गोळे असत: एकात ‘वाटून घेऊ’ आणि दुसऱ्यात ‘चोरतो’. दोघांनीही वाटून घ्यायचे ठरवले तर निम्मे निम्मे. एकाने चोरले आणि दुसऱ्याने वाटले, तर चोरणाऱ्याला सगळे. दोघांनीही चोरले, तर दोघांच्याही हाती भोपळा. गोळा उघडण्याआधी एकमेकांशी बोलायला थोडा वेळ दिला जाई, आणि त्या बोलण्यासाठीच लोक तो कार्यक्रम पाहत.

हिशेबाने पाहिले तर चोरण्यात कधीच तोटा नाही, कारण समोरचा वाटणारा असेल तर दुप्पट मिळते आणि तो चोरणारा असेल तर एवीतेवी काहीच मिळणार नसते. तरीही व्हॅन डेन असेम, व्हॅन डोल्डर आणि रिचर्ड थेलर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सुमारे ५३ टक्के स्पर्धकांनी वाटून घेण्याचा गोळा निवडला होता. हा आकडा मला फार बोलका वाटतो. सगळेच चोर निघाले असते तर दोन-चार भागांत प्रेक्षक कंटाळले असते, आणि सगळेच सज्जन निघाले असते तरी तेच झाले असते. नाणेफेकीइतकीच अनिश्चितता उरते म्हणून डोळे पडद्यावरून हलत नाहीत. कोणाचे वाईट व्हावे या इच्छेपेक्षा ‘हा माणूस खरा कसा आहे’ हे एका क्षणात कळणार असल्याची ओढ अधिक मोठी असते.

असा प्रसंग पाहताना भाग मध्येच थांबवावा आणि दोघांचे बोलणे जसेच्या तसे लिहून काढावे. मग प्रत्येक वाक्यासमोर खूण करावी की यात नि:संदिग्ध वचन आहे काय. ‘मी वाटून घेणार आहे’ हे वचन झाले. ‘आपण इथवर मिळून आलो, मला घरी जाऊन माणसांना तोंड दाखवायचे आहे’ हे वचन नव्हे, केवळ वचनाचा भास आहे. याच कार्यक्रमावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की खोटे बोलावे लागणार असते तेव्हा माणसे सरळ असत्य बोलण्याऐवजी नंतर पलटता येईल अशी सैल, अटी घातलेली वाक्ये पसंत करतात. म्हणून थेट आणि बिनशर्त विधान करणारा अधिक विश्वासार्ह ठरतो. अर्थात याला अपवाद आहेत आणि ते जबरदस्त आहेत. १,००,१५० पौंडांच्या एका भागात दोघांनीही स्पष्ट शब्दांत वाटून घेण्याची ग्वाही दिली. पुरुषाने वाटले, स्त्रीने चोरले, आणि तो हतबुद्ध होऊन बसून राहिला.

दुसरा एक भाग तर प्रत्येक अभ्यासकाने पाहावा असा आहे. रक्कम १३,६०० पौंड होती. एका स्पर्धकाने तोंड उघडताच जाहीर केले की ‘मी शंभर टक्के चोरणार आहे, तू वाटून घे, कार्यक्रम संपल्यावर मी तुला निम्मे देईन.’ समोरचा चक्रावला, मग चिडला, मग त्याला मूर्ख म्हणू लागला, पण पहिला तसूभरही हलला नाही. आता दुसऱ्यापुढचा पेच पाहा: पहिला चोरणार हे खरे धरले, तर आपणही चोरून शून्यच मिळणार, वाटून घेतले तर निदान नंतर काही मिळण्याची आशा उरते. शेवटी त्याने निमूटपणे वाटून घेण्याचा गोळा निवडला. आणि पहिल्याने उघडलेल्या गोळ्यातही ‘वाटून घेऊ’ हेच निघाले. विश्वास ठेव म्हणून गयावया करण्याऐवजी त्याने समोरच्याच्या हातून चोरीचा फायदाच काढून घेतला होता. या भागात निष्ठुरपणाचे सोंग आणि सहकाराचा परिणाम एकत्र आले आहेत. नियम नीट वाचणारा माणूस नियमांनाच कसा चकवू शकतो हे त्यातून दिसते.

आपल्याला काय माहीत आहे आणि त्यांना काय

२०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेला आणि २०२२ मध्ये बीबीसीवर आलेला ‘द ट्रेटर्स’ हा खेळ माहितीच्या असमानतेवर उभा आहे. त्याचा गाभा दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ च्या सुमारास मॉस्कोत रचलेल्या ‘माफिया’ या बैठ्या खेळातून आलेला आहे: थोडे गद्दार, बाकीचे निष्ठावंत, आणि कोण कोण आहे हे फक्त गद्दारांना ठाऊक. प्रेक्षकालाही ते पहिल्यापासून सांगितलेले असते. त्यामुळे गोलमेजाभोवती बसून निष्ठावंत लोक मोठ्या आत्मविश्वासाने एका निष्ठावंतालाच गद्दार ठरवतात तेव्हा आपण अक्षरशः ओरडतो. इथे वहीत दोन रकाने करावेत, एकात आरोप आणि दुसऱ्यात त्याचा पुरावा. ‘तो फार गप्प आहे’, ‘ती फार बोलते’, ‘तो काल नाश्त्याच्या वेळी हसला नाही’ असे रकाने भरत जातात आणि पुराव्याची बाजू जवळपास कोरी राहते. माणसांचा घोळका संशयावरून खात्रीवर कसा पोचतो, याचा इतका उघडा नमुना अन्यत्र सहसा पाहायला मिळत नाही. गद्दारांच्या धूर्तपणापेक्षा सज्जनांची ही घाई मला जास्त भयानक वाटते.

संकलकाचा हात

हे प्रकरण लवकर आटोपता येईल, कारण खुणा मोजक्याच आहेत. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसताना वाक्य पुरे होत असेल, तर ते दोन वाक्यांचे तुकडे जोडून केलेले असू शकते. कोणी ‘मला तेव्हाच कळले’ असे एकट्याने कॅमेऱ्याला सांगत असेल, तर ते बोलणे प्रसंगानंतर टिपलेले असते. आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहावा; पार्श्वसंगीत गेले की ‘भयंकर भांडण’ बऱ्याचदा साध्या कुरबुरीइतके उरते.

निकालाआधीच्या विरामाला मात्र मोठा इतिहास आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाची प्रश्नमंजूषा गाजत होती. काचेच्या कक्षात उभे राहून घाम पुसत उत्तर आठवणारे स्पर्धक हे तिचे मुख्य आकर्षण होते. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाने पुढे उघड केले की उत्तरे त्याला आधीच पुरवली जात, कपाळावरचा घाम पुसायचा नाही तर हळूच टिपायचा हेही शिकवले होते, आणि ५ डिसेंबर १९५६ च्या भागात चार्ल्स व्हॅन डोरेन यांच्यापुढे त्याला ठरवून हरवण्यात आले. व्हॅन डोरेन यांनी १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये अशी बनवाबनवी बेकायदा ठरवणारी दुरुस्ती कायद्यात झाली. निर्मात्यांनी हे का केले, हे इथे महत्त्वाचे आहे. प्रामाणिकपणे खेळवलेला पहिला भाग विलक्षण रटाळ झाला होता; स्पर्धकांना उत्तरेच येत नव्हती. नाट्य हवे तर निकाल हातात ठेवायला हवा, असे त्यांना वाटले. पुढच्या पिढीतील निर्मात्यांनी अधिक हुशार मार्ग काढला, असे माझे मत आहे. निकालाला हात न लावता नियम, स्पर्धकांची निवड आणि बक्षिसाची विभागणी यांतच नाट्याची पेरणी करायची; मग माणसे स्वतःहून, खरोखर आणि कायदेशीरपणे एकमेकांच्या मुळावर येतात.

स्वतःकडे पाहताना

आता वही उलटून मागच्या पानावर स्वतःची नोंद करावी. पहिल्या दहा मिनिटांत आपण कोणाला निवडले? का निवडले? माध्यमांचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार, आपल्याला आवडलेल्याचे भले झाले आणि नावडत्याचे वाईट झाले की आपल्याला आनंद होतो, म्हणून प्रेक्षक आधी पात्रांचा नैतिक निवाडा करतो आणि मग त्याप्रमाणे निकाल लागण्याची वाट पाहतो. म्हणजे दुसऱ्याच्या पराभवाचा आनंद सरसकट नसतो. ‘याची हीच लायकी होती’ असे आपण आधी ठरवलेले असते. हा निवाडा किती लवकर आणि किती क्षुल्लक पुराव्यावर झाला, ते मागच्या पानावरून कळते. स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ यांनी २००४ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की प्रतिष्ठेची आस ज्यांना अधिक, त्यांना अशा वास्तवदर्शी कार्यक्रमांची आवडही अधिक. पडद्यावरच्या सामान्य माणसाकडे पाहताना ‘हा प्रसिद्ध होऊ शकतो तर मीही’ आणि ‘याच्यापेक्षा मी बरा’ या दोन्ही भावना एकाच वेळी सुखावतात.

त्यानंतर संमतीचा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. स्पर्धक स्वखुशीने आलेला आहे, त्याला उठून जाता येते, आणि हरल्यावर त्याचे नुकसान खेळापुरतेच राहते, या तीन गोष्टींच्या भरवशावर आपला आनंद निर्धोक वाटतो. त्यांतली एखादी डळमळली की चव बिघडते. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने ४५६ स्पर्धक आणि ४५ लाख ६० हजार डॉलर बक्षीस ठेवून ‘स्क्विड गेम: द चॅलेंज’ केले, तेव्हा ब्रिटनमधल्या थंडीत झालेल्या चित्रीकरणात काही स्पर्धकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागल्याच्या बातम्या आल्या, आणि पुष्कळांना तो खेळ वेगळ्या नजरेने पाहावा लागला. प्रेक्षक मतदानाच्या कार्यक्रमांत तिसरी गोष्ट सर्वांत लवकर ढासळते, कारण घराबाहेर पडलेल्या स्पर्धकाला समाजमाध्यमांवर मिळणाऱ्या शिव्या कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेल्या नसतात.

दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे उठून जाता येण्याबद्दल, २०१० मध्ये फ्रान्स २ वाहिनीने दाखवलेला एक प्रयोग हादरवणारा आहे. नव्या कार्यक्रमाची चाचणी असल्याचे सांगून ८० जणांना बोलावण्यात आले. चुकीचे उत्तर देणाऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायचे, दर चुकीला अधिक तीव्र, असा नियम होता. तो माणूस नट होता आणि झटके खोटे होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. बक्षीसही नव्हते. सूत्रसंचालिका ‘पुढे चला’ म्हणत होती, प्रेक्षक आरडाओरडा करत होते, आणि ८० पैकी फक्त १६ जण मध्येच थांबले. उरलेले ६४ जण शेवटच्या झटक्यापर्यंत गेले. त्यांना थांबण्यापासून कोणी अडवलेले नव्हते; दिवे, कॅमेरे आणि ‘नियम असा आहे’ हे वाक्य एवढेच त्यांच्यासमोर होते. पुढच्या वेळी एखादा स्पर्धक ‘हा तर खेळ आहे, मनावर घेऊ नका’ असे म्हणत कोणाला घालवील, तेव्हा ते तो समोरच्याला सांगतो आहे की स्वतःला, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावे.

या साऱ्याचा सराव करायचा असेल तर अंतिम भागापासून सुरुवात करू नये. अंतिम भागात रडणे, मिठ्या आणि चमचमता कागदी पाऊस यांचीच भरती असते. खेळाचा खरा कस उपांत्य टप्प्याच्या आधीच्या एक-दोन भागांत लागतो, जेव्हा चार-पाच जण उरलेले असतात, प्रत्येकाला इतरांची गरजही असते आणि भीतीही. तो भाग एकदा सरळ पाहावा, एकदा आवाज बंद करून पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना बाद होणाऱ्याऐवजी मत देणाऱ्यांच्या हातांकडे लक्ष ठेवावे.